साखरेचा आकडा, आपले रक्त

‘तीन महिन्यांची किती आली?’ हा प्रश्न आज पुण्याच्या बागेत, मडगावच्या बाजारात, लातूरच्या एसटीत कुणीही कुणालाही विचारतो आणि समोरचा माणूस दशांशासकट उत्तर देतो. रक्तातला एखादा घटक मोजून जुनाट आजार ओळखायचा, त्याच्यावर नजर ठेवायची आणि औषध वाढवायचे की कमी करायचे ते ठरवायचे, ही रीत आता घराघरांत रुळली आहे. मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन, हृदयासाठी कोलेस्टेरॉल, थायरॉइडसाठी टीएसएच. या साऱ्यांत लोकांचा सर्वाधिक विश्वास ज्या आकड्यावर बसला आहे तो एचबीएवनसी. हा विश्वास त्याने चार दशकांच्या कसोट्या देऊन कमावला. मात्र त्या कसोट्या ज्या रक्तावर झाल्या ते बहुतांशी आपले नव्हते. म्हणूनच या आकड्याचा इतिहास जाणून घेणे आपल्या आरोग्यधोरणासाठी निकडीचे झाले आहे.

मधुमेहाची ओळख आपल्याकडे फार जुनी. चरक आणि सुश्रुत या दोन्ही संहितांत प्रमेहाचे वर्णन आहे. रोग्याच्या लघवीकडे मुंग्या धावतात, ही नोंदही आहे. जन्मतः होणारा आणि अपथ्यामुळे होणारा असा भेद सुश्रुताने केला होता. युरोपात 1776 मध्ये लिव्हरपूलच्या मॅथ्यू डॉब्सन यांनी मधुमेह्याची लघवी आटवून उरलेला गोड पदार्थ साखरच असल्याचे दाखवले आणि अशा रोग्याच्या रक्तातील द्रवही गोडसर लागतो असे लिहून ठेवले. तरीही पुढची दीडशे वर्षे निदान लघवीवरच अडून राहिले. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात स्टॅन्ले बेनेडिक्ट यांनी तयार केलेले निळे द्रावण जगभरच्या दवाखान्यांत पोचले. परीक्षानळीत पाच मिलिलिटर द्रावण घ्यायचे, त्यात लघवीचे आठ थेंब टाकायचे, स्पिरिटच्या दिव्यावर उकळायचे आणि रंगाकडे पाहायचे. निळा राहिला तर साखर नाही, हिरवा झाला तर थोडी, मग पिवळा, नारिंगी आणि शेवटी विटकरी. आपल्याकडच्या डॉक्टरांच्या कितीतरी पिढ्या हे रंग पाहत शिकल्या.

या परीक्षेत मोठी उणीव होती. रक्तातली साखर साधारण 180 मिलिग्रॅमच्या वर गेल्याशिवाय ती मूत्रपिंडातून लघवीत उतरत नाही. म्हणजे नळीत रंग बदलेपर्यंत आजाराने शरीरात बस्तान बसवलेले असे. जानेवारी 1922 मध्ये टोरोंटोत एका 14 वर्षांच्या मुलाला इन्सुलिन टोचले गेले आणि रक्तातली साखर नेमकी मोजणे ही जगण्यामरण्याची बाब झाली. रक्तशर्करेच्या पद्धती सुधारत गेल्या, पुढे बोटाच्या टोकावरच्या एका थेंबावर भागू लागले. पण उपाशीपोटीची साखर फक्त त्या सकाळचे सांगते. तपासणीआधी दोन दिवस गोड वर्ज्य करून ‘नॉर्मल’ रिपोर्ट मिळवणारे रोगी प्रत्येक डॉक्टरने पाहिले आहेत. मागच्या आठवड्यांत शरीराने किती साखर सोसली, हे सांगणारे काहीतरी हवे होते.

ते सापडले तेहरानमध्ये, आणि तेही दुसरेच काही शोधताना. इराणी शास्त्रज्ञ सॅम्युअल राहबार हिमोग्लोबिनचे आनुवंशिक प्रकार शोधत होते. रक्ताचा नमुना जेलवर ठेवून विजेचा प्रवाह सोडला की हिमोग्लोबिनचे निरनिराळे प्रकार वेगवेगळ्या गतीने सरकतात आणि त्यांचे पट्टे दिसतात. 1968 मध्ये काही नमुन्यांत त्यांना एक भलताच वेगवान पट्टा दिसला. ती माणसे कोण म्हणून पाहिले तर ती मधुमेही निघाली. हा नवा आनुवंशिक प्रकार नाही, साखरेशी याचा संबंध आहे, हे राहबार यांनी हेरले. मग आणखी मधुमेह्यांचे रक्त तपासले, तेव्हाही तोच पट्टा. 1979 च्या क्रांतीनंतर त्यांना देश सोडावा लागला आणि उरलेले आयुष्य त्यांनी कॅलिफोर्नियात संशोधनात घालवले. कोट्यवधी लोक ज्या शोधाच्या आधारे औषध घेतात, त्या शोधकाचे नाव आपल्याकडे फारसे कुणाला ठाऊक नाही, ही खंत वाटावी अशीच गोष्ट आहे.

पट्ट्यामागची क्रिया साधी आहे. मोरावळ्यातला आवळा जितके दिवस पाकात राहतो आणि पाक जितका दाट, तितका तो गोड होतो. लाल रक्तपेशी शरीरात सुमारे 120 दिवस जगते. तेवढा काळ तिच्यातले हिमोग्लोबिन रक्तातल्या साखरेत बुडालेले असते आणि साखर त्याला हळूहळू चिकटत जाते. साखर चिकटलेल्या हिमोग्लोबिनचे प्रमाण म्हणजे एचबीएवनसी. दोन दिवस पथ्य करून ते उतरत नाही. यात एक गृहीत मात्र दडलेले आहे: पेशी ठरल्या मुदतीएवढी जगली पाहिजे आणि तिच्यातले हिमोग्लोबिन नेहमीचे असले पाहिजे. हे गृहीत लक्षात ठेवावे, कारण आपल्या प्रश्नाचे मूळ तिथेच आहे.

शोध लागला म्हणून आकडा लगेच विश्वासार्ह ठरला नाही. 1976 मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात अँथनी सेरामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की रोग्यांची साखर आटोक्यात आणली की हा आकडाही खाली येतो. पण तो खाली आणल्याने डोळे वाचतात का, मूत्रपिंड टिकते का? या प्रश्नाचे उत्तर मिळायला 1993 उजाडले. अमेरिका आणि कॅनडातल्या 1441 टाइप वन मधुमेह्यांवरच्या दीर्घ अभ्यासात, ज्यांचा आकडा 9 च्या आसपास राहिला त्यांच्या तुलनेत, तो 7 च्या आसपास ठेवलेल्यांमध्ये डोळ्यांच्या पडद्याचा विकार सुरू होण्याचा धोका 76 टक्क्यांनी घटला. 1998 मध्ये ब्रिटनच्या अभ्यासाने टाइप टू मधुमेहातही बारीक रक्तवाहिन्यांचे नुकसान सुमारे एक चतुर्थांशाने कमी होते, हे सिद्ध केले. त्याच काळात दुसरे, कमी गाजलेले काम चालू होते. एकाच रक्ताचे आकडे प्रयोगशाळेगणिक वेगळे येत. ते एका मापावर आणण्यासाठी 1996 मध्ये अमेरिकेत प्रमाणीकरणाचा कार्यक्रम सुरू झाला. एवढे सगळे झाल्यावर, 2010 आणि 2011 मध्ये, अमेरिकन डायबिटीस असोसिएशन आणि जागतिक आरोग्य संघटनेने 6.5 किंवा त्याहून अधिक आकड्यावर निदान करण्यास मान्यता दिली. तेहरानच्या पट्ट्यापासून इथपर्यंत चाळीसहून अधिक वर्षे गेली.

आकडा म्हणजेच आरोग्य असे मानण्याचा धोकाही याच इतिहासाने दाखवला. 2008 मध्ये अमेरिकेत आणि कॅनडात 10,251 रोग्यांवर चाललेल्या ‘अकॉर्ड’ या अभ्यासात हृदयविकाराचा धोका असलेल्यांचा एचबीएवनसी 6 च्याही खाली नेण्याचा प्रयत्न झाला. त्या गटात मृत्यू जास्त झाले आणि उपचारांचा तो भाग मुदतीआधीच थांबवावा लागला. किती खाली न्यायचे हे वय, इतर आजार आणि साखर अचानक उतरण्याचा धोका पाहूनच ठरवावे लागते.

आता आपल्या मातीकडे येऊ. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी केलेले काम साऱ्या जगाने उचलून धरले आहे. 2004 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचा आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी उभा असलेला फोटो छापला गेला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, 22.3. पण शरीरातली चरबी युडकिन यांच्या अंगात 9.1 टक्के आणि याज्ञिक यांच्या अंगात 21.2 टक्के. बाहेरून सडपातळ दिसणारा भारतीय आतून चरबीने भरलेला असू शकतो, आणि ही ठेवण गर्भातच सुरू होते, हे पुणे परिसरातल्या खेड्यांतील माता आणि बाळांच्या दीर्घ अभ्यासातून पुढे आले. कमी वजनाची, तरीही तुलनेने जास्त चरबी असलेली बाळे. अशा शरीराचा आजार वजनकाट्यावर किंवा नुसत्या नजरेने कळत नाही. म्हणजे रक्तचाचणीची गरज युरोपीयांपेक्षा आपल्याला अधिक आहे.

गरजेचा आवाका 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब अभ्यासाने दाखवला. देशात सुमारे 10 कोटी 10 लाख लोकांना मधुमेह आणि 13 कोटी 60 लाख त्याच्या उंबरठ्यावर. सर्वाधिक प्रमाण गोव्यात, 26.4 टक्के. प्रौढांपैकी चौघांत एकाहून जास्त.

आणि नेमके इथेच ते गृहीत डळमळते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत 15 ते 49 वयोगटातल्या 57 टक्के भारतीय स्त्रिया रक्तक्षयग्रस्त आढळल्या. महाराष्ट्रातही निम्म्याहून अधिक. लोहाच्या कमतरतेत नव्या पेशी कमी तयार होतात, जुन्या पेशींचा वाटा वाढतो आणि साखर तेवढीच असूनही एचबीएवनसी फुगून येतो. याउलट रक्तस्राव झाला, रक्त भरले किंवा पेशी लवकर फुटू लागल्या तर आकडा फसवा कमी येतो. गरोदरपणातही तो खाली झुकतो. याचा अर्थ असा की अंगावर दुखणे काढणाऱ्या, चेहरा पांढरा पडलेल्या बाईचा 6.6 आणि धडधाकट पुरुषाचा 6.6 हे एकच सत्य सांगत नाहीत.

सिकलसेलच्या पट्ट्यात तर परिस्थिती आणखी बिकट आहे. गडचिरोली, चंद्रपूर, नागपूर, मेळघाट, नंदुरबार या भागांत हिमोग्लोबिनचा हा आनुवंशिक दोष पिढ्यान्‌पिढ्या आहे. सिकलसेलग्रस्ताच्या पेशी 120 दिवस जगत नाहीत, काही आठवड्यांतच फुटतात. आणि ज्या हिमोग्लोबिन ‘ए’ची मोजणी करायची तेच त्याच्याकडे नसते. अशा रोग्याचा एचबीएवनसी वाचण्यात काही अर्थ नाही. वाहकांमध्येही काही यंत्रे चुकीचा आकडा देतात. 2023 मध्ये केंद्राने 2047 पर्यंत सिकलसेल निर्मूलनाचे लक्ष्य ठेवून आदिवासी भागांत मोठी तपासणी मोहीम सुरू केली. त्या मोहिमेतली माणसे उद्या पन्नाशीला येतील तेव्हा त्यांच्यातल्याही काहींना मधुमेह होईल. त्यांचे सिकलसेल कार्ड आणि साखरेचा रिपोर्ट एकाच डॉक्टरच्या टेबलावर येण्याची सोय आजच करायला हवी.

यावर उपाय म्हणून चाचणी सोडून देणे हा मूर्खपणा ठरेल. उपाय साधे आहेत आणि परवडणारेही. एचबीएवनसीसोबत रक्तपेशींची मोजणी (सीबीसी) व्हावी आणि दोन्ही आकडे एकाच कागदावर यावेत. हिमोग्लोबिन कमी असेल, सिकलसेल किंवा थॅलेसेमिया असेल, बाई गरोदर असेल, तर उपाशीपोटीची साखर किंवा 75 ग्रॅम ग्लुकोज पाजून केलेली चाचणी हाच आधार मानावा. फ्रुक्टोसामाइनची चाचणी मागच्या दोन-तीन आठवड्यांची साखर सांगते आणि ती हिमोग्लोबिनवर अवलंबून नसते. ती किमान जिल्हा रुग्णालयांत असावी. प्रयोगशाळांच्या दर्जाची एनएबीएल मान्यता आज ऐच्छिक आहे. ज्या आकड्यावर आयुष्यभराचे औषध सुरू होते, तो देणाऱ्या प्रत्येक लॅबला दर्जाची सक्ती हवी. तिशीनंतरच्या प्रत्येकाची साखर आणि रक्तदाब तपासण्याचा सरकारी कार्यक्रम आहे, आशा ताई घरोघरी जाऊन अर्ज भरून घेतात. पण आकडा जास्त निघाल्यावर त्या माणसाला दर महिन्याला औषध मिळते का आणि सहा महिन्यांनी त्याची फेरतपासणी होते का, यावर त्या कार्यक्रमाचे यश मोजले पाहिजे. नुसत्या शिबिरांच्या संख्येने कुणाचे डोळे वाचत नाहीत.

याहून मोठे काम संशोधनाचे. 1993 आणि 1998 च्या अभ्यासांनी पाश्चात्त्य शरीरांसाठी जे केले, ते आपल्या रक्तक्षयाच्या, आपल्या सिकलसेलच्या, आपल्या सडपातळ पण चरबीयुक्त शरीरांसाठी कुणी परदेशी करून देणार नाही. याज्ञिकांसारखे दशकानुदशके चालणारे अभ्यास नियमित सरकारी निधीवर उभे राहिले पाहिजेत. निधी दर तीन वर्षांनी अडला तर पिढीचा अभ्यास होत नाही.

तोवर वाचकांनी स्वतःपुरते एवढे तरी करावे. पुढच्या वेळी ‘तीन महिन्यांची’ करायला जाल तेव्हा हिमोग्लोबिनही तपासून घ्या, आधीचे सगळे रिपोर्ट एका फाइलीत घेऊन डॉक्टरांकडे जा आणि दोन्ही आकडे एकत्र पाहायला सांगा. घरातल्या बायकांची तपासणी सर्वांत शेवटी होते, ती आधी करा. औषध सुरू करायचे, वाढवायचे की बंद करायचे, हा निर्णय एका कागदावरच्या एका आकड्यावर कधीही घेऊ नका.