शुल्काचा आकडा आणि विद्येचे मोल



यंदाच्या स्मरणिकेचे संपादकीय लिहावयास बसलो, तेव्हा समोर कन्येने मांडून ठेवलेले महाविद्यालयीन शुल्काचे कागद होते. तिला युरोपचे मध्ययुग आणि प्रबोधनकाळ यांचा अभ्यास करावयाचा आहे. व्यवसायाने डॉक्टर असलेल्या माझ्या तोंडून प्रथम निघाले, "बाळ, यावर पोट कसे भरणार?" ती शांतपणे म्हणाली, "बाबा, आधी खर्च तरी नीट पाहा." तो आम्ही पाहिला. हा प्रसंग आपणांपैकी अनेकांच्या घरी येणार आहे, म्हणून तो हिशेब येथे मांडतो.

आमच्या अर्विंगमध्येच युनिव्हर्सिटी ऑफ डॅलस आहे. नागपूरला धम्मदीक्षा झाली त्याच १९५६ साली हे कॅथलिक विद्यापीठ सुरू झाले. तेथे शाखा कोणतीही असो, होमर आणि दान्ते वाचावेच लागतात; रोममध्ये एक सत्र शिकण्याची सोयही आहे. शिकवणीचे जाहीर शुल्क वर्षाला ५०,००० डॉलरच्या आसपास आहे. शेजारच्या आर्लिंग्टन येथील राज्य विद्यापीठात टेक्ससच्या रहिवाशास ते १२,००० च्या आसपास पडते आणि इतिहासाची पदवी घेताना मध्ययुगाचे विषय निवडता येतात.

परंतु जाहीर शुल्क म्हणजे प्रत्यक्ष द्यावे लागणारे शुल्क नव्हे. अलीकडच्या वर्षांत खाजगी महाविद्यालये नव्या विद्यार्थ्यांना त्यात सरासरी निम्म्याहून अधिक सूट देत आली आहेत. आपल्या कुटुंबास अंदाजे किती भरावे लागेल, हे सांगणारे गणकयंत्र प्रत्येक महाविद्यालयाने आपल्या संकेतस्थळावर ठेवावे, असे बंधन २०११ पासून आहे. यास्तव तुलना करावयाची ती सूट वजा जाता, निवास व पुस्तके धरून, चारही वर्षांच्या बेरजेची. कर्जाची रक्कम मदतपत्रात अनुदानाच्या रांगेत छापलेली असली, तरी ती सूट नव्हे.

तिसरी वाटही आहे. अर्विंगमधील डॅलस कॉलेजच्या नॉर्थ लेक केंद्रात घरी राहून पहिली दोन वर्षे अल्प खर्चात होतात. ४२ क्रेडिटचा पायाभूत अभ्यासक्रम पूर्ण केल्यास टेक्ससमधील सर्व सरकारी विद्यापीठे तो मान्य करतात. खाजगी विद्यापीठास मात्र आधी विचारून घ्यावे. केंद्र सरकारचे साहाय्य नागरिक व ग्रीनकार्डधारक यांना मिळते, एच-१ व्हिसावरील कुटुंबांच्या मुलांना नाही, हेही ध्यानी असावे.

राहिला माझा पहिला प्रश्न. १९१३ साली बाबासाहेब बडोदा संस्थानच्या दरमहा साडेअकरा पौंडांच्या शिष्यवृत्तीवर कोलंबियात आले. अर्थशास्त्राबरोबर त्यांनी इतिहासाचेही अभ्यासक्रम घेतले. ज्या गुरूंचा त्यांनी पुढे कृतज्ञतेने उल्लेख केला, त्यांत जेम्स हार्वे रॉबिन्सन होते. प्रबोधनकाळाचा अग्रदूत पेट्रार्क याच्यावर १८९८ साली ग्रंथ लिहिणारे ते इतिहासकार. जुन्या ग्रंथांचा अधिकार तपासून पाहावयाचा असतो, हे युरोप ज्या काळात शिकला, तो काळ आपणांस परका कसा असेल? ज्यांना शतकानुशतके ग्रंथाला हात लावू दिला नाही, त्यांच्या लेकीस इतिहास ही चैन आहे असे सांगणे मला जमले नाही.

घर गहाण ठेवून विद्यापीठाचे नाव विकत घेऊ नये, हे खरेच. पण पहिला आकडा पाहून मुलांचा विषय बदलू नये. आमच्या घरी निर्णय अद्याप व्हावयाचा आहे. माझा प्रश्न मात्र मी मागे घेतला आहे.

भवतु सब्ब मंगलम्.