स्वेच्छानिवृत्ती : इच्छा कोणाची, निवृत्ती कशापासून?

‘स्वेच्छानिवृत्ती’ हा शब्द कानाला मोठा सभ्य वाटतो. ना त्यात ‘कपात’ आहे, ना ‘हकालपट्टी’. परंतु ज्या घरात हा शब्द अर्जाच्या रूपाने येतो, त्या घरातील रात्रीची जेवणे अबोल होतात. ४ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर २०१९ या एका महिन्यात भारत संचार निगमातील पन्नाशी ओलांडलेल्या प्रत्येक कर्मचाऱ्यास असा निर्णय करावा लागला. दीड लाखांच्या घरातील मनुष्यबळापैकी ७८,५६९ जणांनी अर्ज भरला आणि ३१ जानेवारी २०२० रोजी ते एकाच वेळी सेवेतून बाहेर पडले.

मुंबई-पुण्याच्या वाचकाला ही एका तोट्यातील सरकारी कंपनीची बातमी वाटली असेल. अहेरीत तिचा अर्थ निराळा होता. गडचिरोलीपासून शंभराहून अधिक किलोमीटर दक्षिणेस, प्राणहितेच्या काठी वसलेल्या या गावापलीकडे एटापल्ली, भामरागड, सिरोंचा हा सारा वनप्रदेश पसरला आहे. पर्लकोटेला पूर आला की वर्षानुवर्षे भामरागडचा संपर्क तुटत आला. जेथे ग्राहक विरळ आणि नफा शून्य, तेथे खासगी कंपन्या फिरकत नव्हत्या, तेव्हा सरकारी दूरध्वनी खात्याची तारच जंगलात पोहोचली होती. नक्षलग्रस्त भागांसाठी २०१४ साली मनोरे उभारण्याचा निर्णय झाला, तेव्हाही ते काम निगमाकडेच आले. आदिवासींचे कैवारी म्हणवणाऱ्या नक्षलवाद्यांनी असे मनोरे जाळले, आणि आजारी माणसासाठी रुग्णवाहिका बोलावण्याचे साधनच माडिया बांधवाच्या हातून काढून घेतले. असा मनोरा पुन्हा उभा करणारा लाइनमन हा काही ‘अतिरिक्त मनुष्यबळ’ नव्हे.

हिशेब काय सांगतो?

जे गेले त्यांना दोष देणे सोपे आहे, पण ते अन्यायाचे होईल. योजनेनुसार झालेल्या सेवेच्या प्रत्येक वर्षामागे ३५ दिवसांचे आणि उरलेल्या प्रत्येक वर्षामागे २५ दिवसांचे वेतन सानुग्रह म्हणून मिळणार होते. वय ५२, सेवा २८ वर्षे, उरलेली ८ वर्षे असा कर्मचारी डोळ्यांपुढे आणावा. त्याचे ९८० अधिक २००, म्हणजे ११८० दिवस होतात. ढोबळमानाने ३९ महिन्यांचे वेतन. शिवाय जुन्या दूरसंचार खात्यातून आलेल्यास निवृत्तिवेतन लगेच सुरू. ते वेतनाच्या निम्मे धरले, तर आठ वर्षांत आणखी ४८ महिन्यांचे वेतन पदरात पडते. बेरीज ८७. आणि आठ वर्षे ऊन-पावसात राबून मिळणार ९६ महिन्यांचे वेतन! भत्ते, वेतनवाढ, निवृत्तिवेतनाच्या अंशराशीकरणासाठी साठीपर्यंतची प्रतीक्षा, हे सारे यात धरलेले नाही, हे खरे. तरीही माणसाच्या आठ वर्षांच्या श्रमाला योजनेने किती किंमत दिली, ते या वजाबाकीत दिसते.

दुसऱ्या बाजूस होते ते राहणे. परंतु कशासाठी राहायचे? वेतन उशिरा होत होते. निवृत्तीचे वय अठ्ठावन्नावर आणणार, दूर बदली करणार, अशा वावड्या उठत होत्या. तार सांभाळण्याचे काम कंत्राटदारांकडे जात होते. आयुष्यभर जो खांबावर चढला, त्याने कामावाचून खुर्चीत बसून साठीची वाट पाहायची? अशा दोन दारांपुढे माणसाला उभे करून ‘तू स्वेच्छेने निवड’ म्हणणे, याला स्वेच्छा म्हणत नाहीत.

रोगी कोण, औषध कोणाला?

योजनेच्या समर्थनार्थ एकच आकडा वारंवार पुढे केला गेला: उत्पन्नाच्या सुमारे ७५ टक्के रक्कम वेतनावर खर्च होते. आकडा खोटा नव्हता. परंतु हे प्रमाण वाढले ते लाइनमनचे वेतन वाढल्याने, की उत्पन्न घसरल्याने? सप्टेंबर २०१६ पासून खासगी कंपन्या देशभर ‘फोर-जी’ विकत असताना निगमाला त्यासाठीचे ध्वनिलहरींचे वाटप करण्याचा निर्णय २०१९ च्या ऑक्टोबरात झाला, तोही स्वेच्छानिवृत्तीसोबतच! शर्यतीत पाय बांधायचे आणि हरल्यावर शिक्षा घोड्याच्या मोतद्दाराला, असाच हा न्याय झाला.

नंतर २०२२ मध्ये १ लाख ६४ हजार कोटींचे आणि २०२३ मध्ये ८९ हजार कोटींचे साहाय्य मिळाले. सप्टेंबर २०२५ मध्ये संपूर्ण स्वदेशी तंत्रज्ञानावरील ‘फोर-जी’ जाळ्याचे लोकार्पण झाले. ही प्रत्येक स्वदेशीप्रेमीने अभिमान बाळगावा अशीच घटना आहे. परंतु २०२४-२५ च्या शेवटच्या दोन तिमाहीत झालेला नफा पुढच्याच तिमाहीत पुन्हा तोट्यात गेला. केवळ माणसे कमी केल्याने संस्था सुदृढ होत नाही, हे यावरून स्पष्ट व्हावे.

शब्दामागचा कायदा

‘स्वेच्छा’ हा शब्द मालकांना इतका प्रिय का, याचे उत्तर कायद्यात आहे. औद्योगिक विवाद कायद्यातील कामगारकपातीच्या व्याख्येतून स्वेच्छानिवृत्ती वगळलेली होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेतही ती वगळलेलीच आहे. कपात झालेल्या कामगारामागे मालकाने १५ दिवसांचे वेतन पुनर्कौशल्य निधीत भरावे, अशी चांगली तरतूद या संहितेत आहे. परंतु ‘स्वेच्छेने’ जाणारा तिच्या कक्षेत येत नाही. कपातीसाठी पूर्वपरवानगीची मर्यादाही आता १०० वरून ३०० कामगारांवर गेली आहे.

हे बोलणे म्हणजे सरकारविरोध, असे कोणी समजू नये. २००१ साली वाजपेयी सरकारच्या अर्थसंकल्पात ही मर्यादा थेट हजारावर नेण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा दत्तोपंत ठेंगडी यांच्या भारतीय मजदूर संघानेच दिल्लीच्या रामलीला मैदानावरून त्यास जाहीर विरोध केला होता. आपलेपणा होता म्हणूनच तो विरोध होता. बाजारवाद्यांना श्रमिक हा खर्चाचा रकाना वाटतो, साम्यवाद्यांना तो संघर्षाचे सरपण वाटतो. विश्वकर्म्याची परंपरा सांगणाऱ्यांनी तरी त्याला कुटुंबवत्सल माणूस म्हणून पाहावयास हवे.

आता काय करावे?

हा प्रश्न २०२० मध्ये संपलेला नाही. सुरजागडच्या लोहखनिजाने आणि कोनसरीच्या प्रकल्पाने गडचिरोलीच्या तरुणाला दारात रोजगार आणला आहे. तो स्वागतार्ह आहे. परंतु उद्या यंत्र बदलेल, धोरण बदलेल आणि हाच अर्ज त्याही घरांत येईल. तेव्हा कार्यकर्त्याने घोषणा देण्याआधी त्या घरी बसून हिशेब मांडावा. हाती येणारी रक्कम किती वर्षे पुरेल? मुलीचे शिक्षण, वृद्धांचे औषधपाणी आणि फिटावयाचे कर्ज यांसाठी त्यातून काय उरते? राहिल्यास काम कोणते, आणि ते लेखी आहे काय? गेल्यास हातातील कौशल्याला गावात मागणी आहे काय? या प्रश्नांची उत्तरे घरातील गृहिणीसह सर्वांनी मिळून द्यावीत. एकरकमी पैसा पाहून येणारे नातलग आणि दलाल यांनी नव्हे.

आणि शासनाने तिसरे दार उघडावे. तांब्याची तार जोडणारा हात प्रकाशतंतू जोडण्यास शिकू शकतो. त्याला शिकवावे, सन्मानाचे काम द्यावे, आणि मगच विचारावे, ‘तुमची इच्छा काय?’ तसे झाल्यावर जो जाईल तो खरोखर स्वेच्छेने जाईल. आणि जो राहील तो अहेरीच्या जंगलात भर पावसात मनोऱ्यावर चढताना ‘मी कुणावर भार आहे’ असे मनात आणणार नाही.