बडोद्याच्या राजकन्येनं मोडलेली सोयरीक

सोयरीक जुळवताना आपल्याकडे पहिला प्रश्न येतो, "घराणं कोणतं?" मुलगी काय शिकली हे त्यानंतर. उधना-लिंबायतच्या मराठी घरांत आजही हे ऐकू येतं. मग राजघराण्यांचं काय विचारता! सयाजीराव गायकवाडांची पहिली राणी तंजावरची, दुसरी देवासची. आणि मुलगी इंदिराराजे द्यायची ठरली ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांना. दोन मोठी मराठा संस्थानं एकमेकांची व्याही होणार होती.

इंदिराराजेंनी हे लग्न मोडलं, ही गोष्ट नेहमी प्रेमकहाणी म्हणून सांगितली जाते. मला ते अपुरं वाटतं. माधवराव त्यांच्यापेक्षा १५ वर्षांनी मोठे होते, आणि त्यांचं एक लग्न झालेलं होतं. म्हणजे इंदिराराजेंना सवतीवर जायचं होतं. १९११च्या दिल्ली दरबारात त्यांची कूचबिहारच्या जितेंद्र नारायण यांच्याशी ओळख वाढली. (याच दरबारात सयाजीरावांनी बादशहाला नीट मुजरा केला नाही म्हणून इंग्रज खवळले होते. एकाच दरबारात बापलेकी दोघांनी वादळ उठवलं!) १९ वर्षांच्या या मुलीनं आईवडिलांना न सांगता माधवरावांना पत्र लिहून लग्नाला नकार कळवला. घरच्यांना ते कळलं ग्वाल्हेरहून तार आल्यावर.

आता आपल्या जवळचं बघा. सुरत तेव्हा इंग्रजांची होती आणि पलीकडची नवसारी गायकवाडांची. सयाजीरावांनी १९०४ साली बालविवाहाविरुद्ध कायदा केला. इंग्रज मुलखात सारडा कायदा आला १९२९ला. १९०६मध्ये त्यांनी राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, मुलींनाही. असा राजा स्वतःच्या शिकलेल्या मुलीला दुसरेपणावर द्यायला निघाला होता. सुधारणा रयतेसाठी, आणि घरात मात्र घराण्याची इभ्रत. सयाजीरावांबद्दल मला फार आदर आहे, तरी हे खटकतंच.

मध्ययुगीन जॉर्जियाची राणी तामार हिला सरदारांनी यूरी नावाचा नवरा गळ्यात बांधला होता. तिनं त्याला हाकललं आणि पुढे स्वतःच्या पसंतीनं दावित सोसलानशी लग्न केलं. पण तामार गादीवर बसलेली होती. इंदिराराजेंच्या हातात गादी नव्हती, सैन्य नव्हतं. होतं ते वडिलांनीच दिलेलं शिक्षण. नकाराचं पत्र लिहायची हिंमत त्यातूनच आली, असं माझं मत आहे.

१९१३मध्ये लंडनला लग्न झालं, ब्राह्म पद्धतीनं. आईवडील आले नाहीत. थोड्याच दिवसांत जितेंद्र यांचे थोरले भाऊ वारले आणि ते स्वतः महाराजा झाले. १९२२ला तेही गेले, आणि मुलगा लहान म्हणून कूचबिहारचा कारभार इंदिराराजेंनी सांभाळला.

त्यांची मुलगी गायत्रीदेवी. १९४०मध्ये तिनं जयपूरच्या मानसिंहांशी लग्न केलं, तेही त्यांची तिसरी राणी म्हणून, स्वतःच्या पसंतीनं. आई सवतीवर जायला नाही म्हणाली होती, मुलगी दोन सवतींवर गेली. यावर आमच्या मंडळात कुणी तरी "मग उपयोग काय झाला?" असं नक्की विचारेल. मी विचारेन, दोघींपैकी कुणाला दुसऱ्यानं ठरवून दिलं होतं?