भरतीची धाव आणि सोणाची वीणा

पहाटे मैदानावर आपली मुले-मुली पोलीस भरतीसाठी धावताना पाहून आम्हांस आनंद होतो. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर धावायचे असते. पण रोजच घड्याळ लावून जीव तोडून धावतात; मग नडगी दुखू लागते, ऐन भरतीत घरी बसावे लागते. आईने पोटाला चिमटा काढून घेतलेले बूट कोपऱ्यात पडतात.

भिक्खू सोण चंक्रमण करता करता पाय रक्तबंबाळ करून बसले, तेव्हा तथागतांनी त्यांना वीणेच्या तारेची आठवण दिली. तार फार ताणलेली नको, फार सैलही नको.

म्हणून बहुतेक दिवस सावकाशच धावावे. किती सावकाश? धावताना त्रिशरण-पंचशील न अडखळता म्हणता आले पाहिजे. (यात अवमान नाही, दमाची याहून सोपी परीक्षा आम्हांस ठाऊक नाही.) शब्द तुटू लागले की वेग कमी करा, चढावर खुशाल चाला. अशाने हृदय एका ठोक्यात अधिक रक्त ढकलू लागते, स्नायूंत बारीक रक्तवाहिन्या वाढतात. दम लवकर वाढतो, हाडे मात्र सावकाश कणखर होतात.

जोराचे धावणे आठवड्यातून दोनदा पुरे, तेही लागोपाठ नको. नडगीच्या हाडावर एकाच जागी दाबून दुखत असेल तर धावणे थांबवून डॉक्टरांना दाखवा.