उरलेला माळ कोण राखणार?

माळढोक पक्ष्यासाठी १९७९ साली सोलापूर आणि अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यांत तब्बल ८,४९६ चौरस किलोमीटरचे अभयारण्य जाहीर झाले. गावे, शेते, रस्ते, सगळेच रेषेच्या आत! शेतकऱ्याला स्वतःची जमीन विकणेही जड झाले. अखेर २०१२ मध्ये क्षेत्र सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आले. शेतकरी सुटला, हे योग्यच झाले.

पण उरलेल्या माळाचे काय? माळढोक उघड्या गवतात राहतो, जमिनीवरच बहुधा एकच अंडे घालतो. त्याला झाडी नको. वन खात्याने मात्र माळावर झाडे लावली, गिरिपुष्पसुद्धा! जंगल म्हणजे झाडे, एवढेच साहेबांना ठाऊक. आज नान्नजला माळढोक दिसला तर त्याची बातमी होते.

माळ पुन्हा उभा करायचा तर लावलेली झाडे काढणे, गवत राखणे, चराई पाळीपाळीने ठेवणे ही कामे हातांची आहेत. ते हात भूमिहीनांचे आणि मेंढपाळांचे आहेत. दादासाहेब गायकवाडांनी १९६४ साली भूमिहीनांचा देशव्यापी सत्याग्रह उभारला, तो पडीक जमिनीच्या हक्कासाठीच. आजही गायरान कसणाऱ्याला सरकारदरबारी एकच नाव आहे, अतिक्रमणदार. माळाची ज्याला जन्मापासून ओळख, त्यालाच माळावरून हुसकायचे, हा कुठला न्याय?

ही कामे रोजगार हमीतून याच वस्त्यांना द्या. आणि अभयारण्याचा पुढचा आराखडा कचेरीत मंजूर होण्याआधी ग्रामसभेत मराठीत वाचून दाखवा, अशी आमची मागणी आहे.