तेरवीआधी कुठल्याच कागदावर सही करू नका

तेरवीच्या आत दारात एखादी गाडी येऊन थांबते. दोघं-तिघं उतरतात, चपला बाहेर काढतात, फोटोसमोर हात जोडतात. त्यातला एक गावाच्या ओळखीचा असतो, म्हणून कोणी अडवत नाही. चहा होतो आणि मग पिशवीतून स्टॅम्प पेपर निघतो. काही हजार रुपये, आणि वर चार ओळी: अपघात मृताच्याच चुकीने झाला, ड्रायव्हर-मालकाविरुद्ध आमची काही तक्रार नाही. दवाखान्याचं बिल आणि बियाण्याची उधारी घरच्यांच्या डोळ्यांसमोर असते. सही होते.

यवतमाळ जिल्ह्यातल्या ज्या घरातला माणूस ट्रक, टिप्पर किंवा ट्रेलरच्या धडकेत गेला आहे वा अपंग झाला आहे, त्या घराला आणि त्याच्या शेजाऱ्यांना हात जोडून सांगणं आहे: ही सही करू नका. केली असेल तर खचू नका, तेवढ्याने हक्क बुडत नाही. पण पुढे उलटतपासणीत हाच कागद तुमच्यासमोर धरला जातो.

दुसरा कागद जास्त सभ्य दिसतो. तो विमा कंपनीचा. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६४ प्रमाणे चूक कोणाची हे न बघता मृत्यूसाठी ५ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख रुपये मिळतात. ऐकायला चांगलं वाटतं. पण तडजोडीत ही रक्कम स्वीकारली की मोटार अपघात दावा न्यायाधिकरणातला कलम १६६ खालचा मोठा दावा संपतो. तिशीतल्या कमावत्या माणसाची भरपाई वय, उत्पन्न आणि त्याच्यावर अवलंबून असलेली माणसं मोजून काढली, तर ती पाच लाखांच्या कितीतरी वर जाऊ शकते. म्हणून आधी हिशेब मांडून घ्या, मग ठरवा.

जबाबदार कोण, हे कोर्टात ठरतं खरं, पण त्याचा निम्मा निकाल पहिल्या दोन दिवसांत रस्त्यावरच लागलेला असतो. वणीकडचा कोळशाचा टिप्पर घ्या, पांढरकवड्यावरून जाणारा लांब पल्ल्याचा ट्रेलर घ्या. रात्री टायर फुटतो, गाडी अर्धी डांबरावर उभी राहते. मागचा दिवा बंद, फाळक्यावर चिखल. किन्नर मागे चार दगड मांडतो, बाभळीची एक फांदी टाकतो, झाली सूचना! दुचाकीवाला समोरच्या गाडीच्या प्रकाशात दिपतो आणि थेट फाळक्यावर आदळतो. सकाळपर्यंत फांदी गेलेली असते. ट्रक ठाण्यात लागतो, काही दिवसांनी सुपूर्दनाम्यावर सुटतो, आणि कोर्टात येतात ते फोटो नव्या कोऱ्या रेडियम पट्टीचे. मग युक्तिवाद काय, तर उभ्या गाडीला येऊन धडकला, चूक त्याचीच.

हा युक्तिवाद दर वेळी चालत नाही. २०१८ मध्ये अर्चित सैनी खटल्यात सर्वोच्च न्यायालयासमोर असाच रस्त्यात उभा असलेला, दिवे नसलेला गॅस टँकर होता. उच्च न्यायालयाने कारचालकावर निम्मा दोष टाकला होता, सर्वोच्च न्यायालयाने तो काढून टाकला आणि सगळी जबाबदारी टँकरवर ठेवली. पारडं फिरलं ते प्रत्यक्ष पाहणाऱ्या साक्षीदारामुळे. त्याने काय सांगितलं? दिवे नव्हते, आणि समोरून येणाऱ्या गाड्यांच्या झोतात टँकर दिसतच नव्हता. बस, एवढंच.

म्हणून घरातला एक जण दवाखान्यात थांबला, तर दुसऱ्याने जागेवर जावं. ट्रकच्या मागच्या दिव्यांचे, टायरचे, रस्त्यावरच्या घसटीचे फोटो काढा, दगड-फांद्या असतील तर त्यांचेही. ट्रेलर असेल तर पुढच्या आणि मागच्या दोन्ही नंबर प्लेट टिपा. माल कुठून निघाला, बिल्टी आणि काटा पावती कोणाच्या नावावर आहे, याची नोंद पंचनाम्यात करायला लावा, म्हणजे गाडीत किती टन जास्त होते ते पुढे सिद्ध करता येईल. ड्रायव्हर म्हणेल, "गाडी मालकानं केव्हाच विकली." ऐकून सोडून द्या. आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव, तोच मालक, हे सर्वोच्च न्यायालयाने नवीन कुमार खटल्यात २०१८ मध्येच सांगून ठेवलं आहे. लायसन्स खोटं निघालं तरी तिऱ्हाइताला सहसा वाऱ्यावर सोडत नाहीत. विमा कंपनीने आधी पैसे द्यावेत आणि मग मालकाकडून वसूल करावेत, असा आदेश होऊ शकतो.

इथे एक कडवट गोष्ट सांगायलाच हवी. वेचणीच्या दिवसांत मालाच्या गाडीत, पोत्यांवर, ट्रॉलीत मजूर भरून नेतात. मालवाहू गाडीत फुकट किंवा भाडं देऊन बसलेल्या प्रवाशाची जबाबदारी विमा कंपनीवर येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने आशा राणी खटल्यात म्हटलं आहे. मग उरतो एकटा मालक, आणि ट्रॉलीच्या मालकाकडून लाखोंची वसुली म्हणजे काय ते आपल्याला माहीत आहे. मुकादमाला सांगा, माणसांची गाडी आण.

आता मुदत. १ एप्रिल २०२२ पासून भरपाईचा अर्ज अपघातानंतर सहा महिन्यांत करायचा असतो. या अटीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान आहे, आणि केवळ उशीर झाला म्हणून अर्ज फेटाळू नयेत असा अंतरिम आदेश नोव्हेंबर २०२५ मध्ये झाला. त्यामुळे मुदत उलटलेल्यांनीही वकिलाला विचारावं. पण ज्यांचे सहा महिने अजून शिल्लक आहेत, त्यांनी या आदेशाच्या भरवशावर एक दिवसही घालवू नये. पोलिसांनी ४८ तासांत प्रथम अपघात अहवाल आणि ९० दिवसांत सविस्तर अहवाल न्यायाधिकरणाकडे द्यायचा असतो. ठाण्यात जाऊन त्या दोन्हींच्या प्रती मागा. मागितल्याशिवाय हातात पडतील, या भ्रमात राहू नका.

दावा लावायला अपघाताच्या गावी खेटे घालायची गरज नाही. ८ ऑक्टोबर २०२२ च्या पहाटे यवतमाळहून मुंबईला निघालेली खासगी बस नाशिकमध्ये ट्रकला धडकून पेटली, १२ जण गेले. अशा वेळी घरच्यांना आपण राहतो तिथल्या न्यायाधिकरणात अर्ज करता येतो. उलटही तेच. १९ मे २०२० ला आर्णी तालुक्यातल्या कोळवणजवळ सोलापूरहून नागपूर स्टेशनकडे मजुरांना नेणारी एसटी आणि ट्रक यांच्या अपघातात चौघांचा जीव गेला. ते मजूर झारखंडला घरी निघाले होते. अशा मजुराच्या घरच्यांना दाव्यासाठी यवतमाळ गाठावं लागत नाही. शिवाय बसमधल्या प्रवाशाने दोन ड्रायव्हरांपैकी कोण किती चुकला हे मोजत बसायचं कारण नाही. दोघेही दोषी असतील तर तो पूर्ण भरपाई त्यातल्या कोणाकडूनही मागू शकतो. आपसातली वाटणी त्यांची त्यांनी करावी.

ट्रक पळून गेला आणि नंबरच मिळाला नाही, तरी मृत्यूसाठी २ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी ५० हजार रुपयांची योजना आहे. अर्ज उपविभागीय अधिकारी किंवा तहसील कार्यालयात द्यायचा. वकिलाची ऐपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांना तिथे उत्पन्नाची अट न घालता मोफत वकील मिळतो. १५१०० वर फोन केला तरी चालतो.

शेवटची विनंती धाब्यावरच्या, पंक्चरच्या दुकानातल्या, शेतातून धावत आलेल्या माणसांना. जखमीला दवाखान्यात नेलं म्हणून तुम्हाला कोणी नाव सांगायला किंवा साक्ष द्यायला भाग पाडू शकत नाही, कायदाच तसा आहे. म्हणूनच ही मागणी नाही, विनंती आहे: तुम्ही काढलेला व्हिडिओ गावच्या ग्रुपवर टाकून मोकळे होऊ नका. मूळ फाइल फोनमध्ये ठेवा, आणि त्या घरी एक निरोप पाठवा की मागचा दिवा बंद होता, हे आम्ही पाहिलं.