रस्ता दिल्लीच्या पैशाचा, पण राखायचा कुणी?

गावात डांबरी सडक आली की नारळ फुटतो, फोटो निघतो आणि पुढाऱ्यांची भाषणं होतात. चार-पाच पावसाळे गेले की त्याच सडकेवरून बैलगाडी नेताना जू कुठल्या बाजूला कलंडेल याचा नेम राहत नाही. मग ग्रामसभेत एकच सवाल उठतो : "एवढा पैसा आला होता, तो गेला कुठं?" या सवालाचं उत्तर केंद्राचा निधी कसा येतो आणि कुठवर येतो, यात आहे. प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेचा चौथा टप्पा मंजूर झालेला असल्यानं सरपंच, ग्रामसेवक आणि शेतकरी बांधवांनी हा हिशेब समजून घेणं गरजेचं आहे.

पैसा तुमच्याच डिझेलचा

रस्त्यासाठी केंद्रानं पैसा द्यावा हा विचार जुना आहे. १९२७ साली इंग्रज सरकारनं मुंबईचे बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली रस्ते विकास समिती नेमली. रस्त्याचा बोजा एकट्या प्रांतांना आणि लोकल बोर्डांना पेलणार नाही, तो देशाच्या हिताचा विषय आहे, तेव्हा पेट्रोलवर जादा कर बसवून त्यातून निधी उभारावा, असं या समितीनं सुचवलं. त्यातून १९२९ साली केंद्रीय रस्ते निधी उभा राहिला.

२००० सालच्या कायद्यानं त्याच निधीला नवं रूप मिळालं. पेट्रोल-डिझेलवर उपकर बसला आणि डिझेलच्या उपकरातला निम्मा वाटा ग्रामीण रस्त्यांसाठी ठरला. २०१८ मध्ये कायदा बदलला, निधीच्या नावात 'पायाभूत सुविधा' हे शब्द आले आणि वाटेकरी वाढले. सांगायचा मुद्दा असा, की ट्रॅक्टरच्या टाकीत डिझेल ओतणारा प्रत्येक शेतकरी या रस्त्याचे पैसे भरत आलेला आहे. तेव्हा रस्त्याचा हिशेब विचारताना कुणी भिडस्तपणा बाळगू नये.

शंभर टक्क्यांवरून साठ टक्क्यांवर

ग्रामसडक योजना २५ डिसेंबर २००० रोजी सुरू झाली तेव्हा बांधकामाचा सगळा खर्च केंद्र देत होतं. चौदाव्या वित्त आयोगानं केंद्रीय करांतला राज्यांचा वाटा ३२ टक्क्यांवरून ४२ टक्के केला. त्यानंतर केंद्रानं आपल्या योजनांतला हात आखडता घेतला. २०१५-१६ पासून महाराष्ट्रासारख्या राज्यांना साठ टक्के केंद्राचे आणि चाळीस टक्के राज्याचे असा हिशेब लागू झाला. ईशान्येकडच्या आणि हिमालयातल्या राज्यांना मात्र नव्वद-दहा.

याचा गावाशी संबंध काय? समजा, तुमच्या वस्तीचा रस्ता एक कोटीचा आहे. साठ लाख दिल्लीचे, चाळीस लाख मुंबईचे. राज्याच्या तिजोरीत ओढाताण असली की चाळीस लाखांना उशीर होतो, त्यापायी काम रेंगाळतं आणि ठेकेदार खडी पसरून निघून जातो. म्हणून काम अडलं की "दिल्लीहून पैसा आला नाही" या उत्तरावर थांबू नका. कुणाचा हिस्सा थकला आहे, हे लेखी विचारा.

चौथ्या टप्प्यात कोण बसतं

पहिला टप्पा वस्त्या जोडण्याचा होता. २०१३ चा दुसरा टप्पा जुने रस्ते सुधारण्याचा, तर २०१९ चा तिसरा बाजार, दवाखाने आणि उच्च माध्यमिक शाळांकडं जाणाऱ्या मुख्य रस्त्यांचा होता. चौथा टप्पा केंद्रीय मंत्रिमंडळानं ११ सप्टेंबर २०२४ रोजी मंजूर केला आणि गाडी पुन्हा सुटलेल्या वाड्या-वस्त्यांकडं वळली. २०२४-२५ ते २०२८-२९ या पाच वर्षांत २५ हजार वस्त्यांना ६२,५०० किलोमीटर रस्ते द्यायचे आहेत. खर्च ७०,१२५ कोटी रुपये. त्यात केंद्राचे ४९,०८७ कोटी ५० लाख, बाकी राज्यांचे. पुलांसकट हिशेब केला तर किलोमीटरमागे सरासरी एक कोटीच्या वर रक्कम जाते.

अट लोकसंख्येची आहे. सपाट भागात ५०० किंवा अधिक वस्ती हवी. आदिवासी पाचव्या अनुसूचीतला भाग आणि आकांक्षित जिल्हे-तालुके यांना २५० चालते. नक्षलग्रस्त जिल्ह्यांतल्या ठराविक भागाला १०० सुद्धा पुरते. आकडा मात्र २०११ च्या जनगणनेचा. पहिल्या टप्प्यात २००१ चा आकडा धरला होता. तेव्हा ४८० माणसांमुळं बाहेर राहिलेली वाडी २०११ च्या आकड्यात बसत असेल, तर तिला आता संधी आहे.

इथं एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. या योजनेचा हिशेब महसुली गावावर चालत नाही, वस्तीवर चालतो. गाव जोडलेलं असलं तरी दोन किलोमीटरवरची वाडी वेगळी धरता येते. शिवाय सपाट भागात पाचशे मीटरच्या आत असलेल्या वस्त्यांची लोकसंख्या एकत्र मोजता येते. जनगणनेच्या पुस्तकात वाडीचा आकडा वेगळा छापलेला नसतो. तो प्रत्यक्ष सर्वेक्षणातून ठरतो आणि तिथंच वाड्या गळतात. धनगरवाडा, ठाकरवाडी, मळ्यातली वस्ती यांची नावं यादीत आहेत का, ती जागच्या जागी दाखवली आहेत का, हे सरपंचांनी महाराष्ट्र ग्रामीण रस्ते विकास संस्थेच्या जिल्ह्याच्या कार्यालयात जाऊन स्वतः बघावं. यादीत नाव नसेल तर आमदार-खासदारांच्या शिफारशीचाही उपयोग होत नाही.

जमिनीचा पैसा नाही

दुसरी अडचण जमिनीची. या योजनेत भूसंपादनाला केंद्र एक रुपयाही देत नाही. जमीन मोकळी करून देण्याची जबाबदारी राज्याची, म्हणजे शेवटी गावाची. आखणी ठरवताना अभियंत्यानं सरपंच आणि महसूल खात्याच्या माणसासह रस्त्याच्या मार्गानं पायी फिरून पाहणी करायची असते. अनेक ठिकाणी ही पाहणी कागदावरच उरकते आणि यंत्रं आली की बांधावर भांडण उभं राहतं. कुणाची विहीर मध्ये येते, कुणाचं आंब्याचं झाड, कुणी म्हणतो शेजाऱ्याच्या बाजूनं दोन हात जास्त घ्या. भांडण मिटेपर्यंत मुदत संपते आणि रस्ता यादीतून वगळला जातो.

तेव्हा पाहणीच्या दिवशी ज्यांची शेतं लागून आहेत त्या सगळ्यांना बोलवा. अल्पभूधारकाची जमीन जात असेल तर आखणी थोडी सरकते का, ते त्याच वेळी बघा. संमती तोंडी ठेवू नका, कागदावर घ्या. वहिवाटीचा रस्ता कुणी नव्यानं अडवला असेल तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदारांकडं दाद मागता येते. पण कोर्टकचेरीपेक्षा पारावर बसून मिटलेलं केव्हाही बरं.

पाच वर्षांनंतर काय?

आता मूळ सवालाकडं येऊ. केंद्राचा पैसा बांधण्यासाठी असतो, राखण्यासाठी नसतो. बांधकामानंतर पहिली पाच वर्षं त्याच ठेकेदारानं देखभाल करायची, असं करारातच लिहिलेलं असतं आणि त्या देखभालीचा पैसा राज्यानं द्यायचा असतो. खड्डे बुजवणं, साईडपट्ट्या भरणं, गटारं आणि मोऱ्या साफ ठेवणं, झुडपं तोडणं ही कामं त्यात येतात. म्हणजे दुसऱ्या वर्षी खड्डा पडला तर ग्रामपंचायतीनं वर्गणी काढून मुरूम टाकायची गरज नाही. ते काम ठेकेदाराकडून करून घेणं हा तुमचा हक्क आहे.

खरी ओढ लागते ती पाच वर्षांनंतर. ठेकेदार मोकळा होतो आणि रस्ता राज्याच्या 'तीस-चोपन्न' शीर्षाखालच्या दुरुस्ती निधीकडं डोळे लावून बसतो. इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेकडं, त्यांची लांबी प्रचंड आणि पैसा तुटपुंजा. नव्या रस्त्याला उद्घाटन असतं, दुरुस्तीला नसतं. म्हणून दुरुस्तीसाठी आग्रह धरणारा पुढारी विरळाच. तीन-चार लाखांची दुरुस्ती वेळेवर झाली नाही की पुढं सगळा रस्ताच उकरून नवा करावा लागतो आणि तो खर्च कोटीच्या घरात जातो.

आपलाही हात आहे

सगळा दोष सरकारवर टाकून चालणार नाही. ग्रामीण रस्त्याची जाडी हलक्या वाहतुकीसाठी ठरवलेली असते. अभियंते ८.१६ टनांचा आस प्रमाण मानतात, आणि आसावरचं वजन दुप्पट झालं की रस्त्याची झीज साधारण सोळापट होते. २०१८ च्या नव्या मर्यादेनुसार मागच्या एका आसाला साडेअकरा टन कायद्यानं चालतात. तेवढं वजनसुद्धा चार प्रमाण आसांइतकी झीज करतं. मग कायद्याबाहेर भरलेला वाळूचा डंपर आणि दोन ट्रॉल्या ओढणारा उसाचा ट्रॅक्टर एका हंगामात काय करत असतील, याचा अंदाज करा.

पाणी हा रस्त्याचा दुसरा वैरी. काळ्या जमिनीत पाणी मुरलं की ती फुगते, वाळली की आकसते आणि वरचं डांबर तडकतं. तरीही आपण गटार बुजवून बांध पुढं सरकवतो, पाइपलाइनसाठी रात्रीत रस्ता आडवा खोदतो, पाटाचं पाणी सडकेवर सोडतो. ग्रामसभेनं ठराव करून हे थांबवलं तर त्याला कुठल्याही निधीची वाट पाहावी लागत नाही.

आता काय करायचं

काम सुरू होताच माहितीफलक लागला आहे का बघा. लांबी, खर्च, ठेकेदाराचं नाव, कामाची मुदत यांची नोंद ग्रामपंचायतीच्या वहीत करून ठेवा. काम चालू असताना अभियंत्यानं सरपंचासोबत संयुक्त पाहणी करण्याची तरतूद आहे. ती मागून घ्या. गुणवत्ता तपासणी तीन पातळ्यांवर होते : कामावरचा अभियंता, राज्याचा निरीक्षक आणि केंद्राचा निरीक्षक. निरीक्षक येतील तेव्हा चार जाणती माणसं हजर ठेवा. तक्रार 'मेरी सडक' या मोबाईल ॲपवर फोटोसह करता येते. गावातला कुठलाही शिकता पोरगा ते काम करील.

आणि ज्या दिवशी काम पूर्ण झाल्याचा दाखला मिळेल, ती तारीख पंचायतीच्या भिंतीवर ठळक लिहून ठेवा. त्या तारखेपासून पाच वर्षं रस्ता ठेकेदाराच्या अंगावर आहे. पाचवं वर्ष सरण्याच्या सहा महिने आधी ग्रामसभेचा दुरुस्तीचा ठराव जिल्हा परिषदेत पोचला पाहिजे. तोवर गप्प बसलेल्या गावाला पुढच्या निवडणुकीपर्यंत खड्ड्यांतूनच जावं लागतं.